पगारेबाई आणि रंगमंचावरचं टेबल

पगारेबाईंची आणि माझी पहिली भेट कामगारांच्या बसमध्ये झाली आणि ती माझ्यासाठी मुळीच भूषणावह नव्हती. मी तेव्हा आठवीत होतो. वडील एकलहऱ्याच्या वीज केंद्रात फिटर, त्यामुळे आम्ही तिथल्या वसाहतीत राहायचो आणि शाळेला बसने नाशिकरोडला यायचो. वसाहतीतल्या मोठ्या माणसांच्या नकला करणं हा माझा त्या बसमधला मुख्य उद्योग होता. त्या दिवशी मी कोळसा विभागातल्या पगारेकाकांना धरलं होतं. काका बोलायच्या आधी घसा खाकरायचे, चष्मा कपाळावर चढवायचे, "मुद्दा असा आहे की" म्हणायचे आणि मग मुद्दाच विसरायचे. मागची दोन बाकं हसून लोळत होती. तेवढ्यात पुढच्या बाकावरच्या एक बाई उठून माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "हे आमचे हे ना?"

मी कपाळावरचा हात झटकन खाली घेतला.

"पुन्हा कर," त्या म्हणाल्या. "घसा बरोबर जमलाय. पण ते चष्मा डाव्या हाताने चढवतात."

मी रडकुंडीला येऊन डाव्या हाताने करून दाखवलं. बाई मनापासून हसल्या आणि उतरता उतरता म्हणाल्या, "रविवारी नऊला समाजमंदिरात ये. आधी झाडून काढावं लागतं, सांगून ठेवते." त्या रविवारी मी गेलो आणि आजतागायत जातो आहे.

सुलोचना पगारे, म्हणजे आम्हा सर्वांच्या पगारेबाई, यांना या महिन्यात पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. बाई प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. नोकरी सांभाळून त्यांनी जेलरोडच्या समाजमंदिराच्या पायऱ्यांवर दहा-बारा मुलांना घेऊन नाटक बसवायला सुरुवात केली, म्हणून संस्थेचं नावही 'पायरी' पडलं. पुढे आतला हॉल मिळाला. नाटकाबरोबर चित्रकला, गाणी, मुखवटे बनवणं असे वर्ग सुरू झाले. दर दिवाळीत आणि उन्हाळ्यात मुलांची नाटकं होऊ लागली आणि वस्तीतली मुलं इथे मोठी होऊन आपल्या मुलांना इथे सोडायला येऊ लागली.

गौरवग्रंथाच्या संपादकांनी मला 'बाईंचं कार्य आणि व्यक्तिमत्त्व' असा विषय दिला आहे. तो मी माझ्या परीने पुरा करीनच. पण या लेखात मी आणखी एक गोष्ट सांगणार आहे आणि तीही बाईंची परवानगी न घेता. गौरव समितीच्या पहिल्याच बैठकीत एक ज्येष्ठ पालक म्हणाले, "बाईंबद्दल प्रश्नच नाही. पण त्या स्पर्धेच्या वेळी बक्षिसापायी त्या जरा घसरल्या, एवढंच." बैठकीतल्या दोघा-तिघांनी माना डोलावल्या. मी त्या वेळी चहाचा कप हातात धरून गप्प बसलो. बावीस वर्षांपूर्वीही असाच गप्प बसलो होतो. बाईंच्या नावाला लागलेला तो डाग त्यांचा नाही, तो माझा आहे आणि या ग्रंथात तो माझ्या नावावर जावा अशी माझी इच्छा आहे.

हे नीट कळायला आधी बाईंची काम करण्याची पद्धत सांगितली पाहिजे, त्यातही आमचं टेबल.

बाकी सगळीकडे नाटकातला प्रॉम्प्टर विंगेत लपून बसतो आणि कुणी वाक्य विसरलं की तिथून कुजबुजतो. सुरुवातीच्या काळात आमच्याकडेही तसंच होतं. एका नाटकात राजा झालेला मुलगा अडला. आतून कुजबुज झाली. त्याला ऐकू गेली नाही. पुन्हा जरा मोठ्याने, मग आणखी मोठ्याने, असं करता करता शेवटच्या रांगेपर्यंत सगळ्यांना वाक्य पाठ झालं आणि राजाला तेवढं कळलं नाही. लोक हसले. तो मुलगा पुढे महिनाभर फिरकला नाही. बाई स्वतः त्याच्या घरी गेल्या, त्याला घेऊन आल्या आणि सगळ्यांना म्हणाल्या, "नाही तरी सगळ्यांना ऐकू येतंच. मग लपायचं कशाला?"

पुढच्या नाटकापासून प्रॉम्प्टरचं टेबल रंगमंचावर आलं. प्रेक्षकांच्या उजव्या हाताला, अगदी कडेला, पण सगळ्यांना दिसेल असं. टेबलामागे वही घेऊन एक जण बसणार. ज्याला वाक्य आठवणार नाही त्याने घाबरायचं नाही, इकडेतिकडे बघायचं नाही, सरळ टेबलाकडे वळून "सांग" म्हणायचं. टेबलावरून खणखणीत आवाजात वाक्य यायचं आणि नाटक पुढे सरकायचं. झालं. त्यात लाजण्यासारखं काही उरलंच नाही. वस्तीतल्या प्रेक्षकांना ही रीत इतकी अंगवळणी पडली की काही आज्या पहिल्या रांगेतून टेबलाच्या आधी वाक्य सांगायला लागल्या आणि त्यांना गप्प करणं हे पगारेकाकांचं काम होऊन बसलं.

टेबलावर बसणं हा आमच्याकडचा सर्वात मोठा मान. तिथे बसणाऱ्याला सगळ्यांच्या सगळ्या भूमिका यायला लागतात आणि कोण कुठे अडणार हे आधी ओळखावं लागतं. मला तो मान पहिल्यांदा अकरावीत मिळाला. त्या आठवड्यात मी घरात आईशीसुद्धा जरा वरच्या पट्टीत बोलत होतो.

बाईंकडे तयार नेपथ्य कधीच नसायचं. निफाडकडून द्राक्षांची खोकी यायची, पुठ्ठ्याची, मजबूत. त्यांतून आम्ही राजवाडा, रेल्वेचा डबा, हत्ती काहीही उभं करायचो. हत्ती बहुतेक वेळा म्हशीसारखा दिसायचा. बाई म्हणायच्या, "रंग देताना हत्तीचा विचार कर, म्हणजे बघणाऱ्यालाही हत्ती वाटेल." द्राक्षांच्या हंगामात बाई मुलांना घेऊन निफाडच्या मळ्यांवर जायच्या. मजुरांची मुलं दिवसभर तिथे असायची. दुपारच्या सुट्टीत मांडवाच्या सावलीत आमचा खेळ व्हायचा आणि नंतर त्या मुलांना रंग आणि ब्रश देऊन खोकी रंगवायला बसवलं जायचं. एकदा तिथल्या एका चिमुरडीने आमच्या म्हशीला खरोखरच शिंगं काढून दिली. पुढच्या सगळ्या प्रयोगांत तो हत्ती शिंगांसकटच वावरला.

इगतपुरीचा प्रयोग मला विशेष आठवतो. ऐन पावसाळ्यात एका पत्र्याच्या हॉलमध्ये आमचं नाटक होतं. पडदा वर गेला आणि पत्र्यावर पाऊस असा काही कोसळू लागला की शेजारच्याचं बोलणंही ऐकू येईना. मुलं भांबावली. बाई प्रेक्षकांत बसल्या होत्या, कारण प्रयोगाच्या वेळी त्या कधीही आत थांबत नाहीत, नेहमी तिसऱ्या रांगेत पालकांमध्ये बसतात. त्यांनी तिथूनच ओठांवर बोट ठेवलं आणि दोन्ही हात हलवून दाखवले. मुलांना कळलं. पुढचा पाऊण तास नाटक एका शब्दाविना झालं. टेबलावर बसलेली मुलगीसुद्धा हातवारे करून वाक्यं सांगत होती. घरी परतताना बाई म्हणाल्या, "शब्द जरा जास्तच होते त्या नाटकात," आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी अर्धी संहिता कापून टाकली. ती संहिता मी लिहिली होती.

बाईंच्या गुणांबरोबर दोषही सांगावेत असं त्या स्वतःच म्हणतात, म्हणून सांगतो. बाईंना गाता येत नाही आणि त्या गातात. तालमीत कुणी उशिरा आलं तर त्या काही बोलत नाहीत, फक्त घड्याळाकडे बघून "बसा साहेब" म्हणतात आणि त्या 'साहेब'ने माणूस अर्धमेला होतो. स्वतःची चूक मात्र लगेच आणि मोठ्याने कबूल करतात, इतक्या मोठ्याने की समोरच्याला संकोच वाटावा. हट्टी तर अशा की काकांनी हयातभर त्यांच्याशी एकच वाद घातला, पंखा किती नंबरवर ठेवायचा, आणि तोही ते हरले. काका आता नाहीत. पंखा दोनवरच असतो.

त्यांच्या मायेचा एक प्रसंग माझ्या घरचा आहे. मला लग्न करायचं होतं ती मुलगी आमच्या जातीतली नव्हती. आई जेवेना, बोलेना. मी बाईंकडे जाऊन रडलो. दुसऱ्या दिवशी सकाळी बाई एकलहऱ्याला आमच्या घरी आल्या, पदर खोचला आणि आईबरोबर पापड लाटायला बसल्या. लग्नाचा विषयच नाही. भाव, भाज्या, गुडघेदुखी, एवढंच. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी आईच म्हणाली, "बाई, तुम्ही ज्याच्यासाठी आलात ते बोला ना एकदाचं." बाई म्हणाल्या, "मी पापडांसाठी आले आहे. तुम्हाला काही बोलायचं असेल तर मी ऐकते." आई जे बोलू लागली ते दुपारपर्यंत बोलली. संध्याकाळी तिने मला विचारलं, "मुलीचं नाव काय म्हणालास?" माझ्या संसाराला हातभार असा लागला आणि शिवाय वर्षभराचे पापड झाले.

आता ती स्पर्धा.

मी चोवीस वर्षांचा होतो. शाळेत नुकती नोकरी लागली होती आणि 'पायरी'त मी बाईंचा साहाय्यक झालो होतो. मुलं मला दादा म्हणायची. एका बालनाट्य स्पर्धेत आपण उतरावं असा हट्ट मी धरला. बाईंना स्पर्धांचं वावडं नव्हतं, पण ओढही नव्हती. "मुलांना मोठं नाट्यगृह बघायला मिळेल," एवढ्यासाठी त्या तयार झाल्या. मला मात्र पहिला नंबर हवा होता. वर्तमानपत्रात नाव यावं, शाळेतल्या सहकाऱ्यांनी वाचावं, असं फार वाटत होतं.

नाटकातली मुख्य भूमिका सुवर्णा भोये हिची होती. सुवर्णा पेठकडच्या एका पाड्यावरची. नाशिकरोडला मुलींच्या वसतिगृहात राहून नववीत शिकत होती. सुरुवातीला तिचा आवाजच फुटत नव्हता. बाईंनी तिला दोन महिने तालमीत फक्त टेबलावर बसवलं. दुसऱ्यांना वाक्य सांगता सांगता तिचा आवाज मोकळा झाला आणि मग एके रविवारी तिने स्वतःहून म्हटलं, "बाई, मला उभं राहून करायचंय." स्पर्धेच्या दिवशी तिचे वडील भाताची लावणी अर्धी टाकून, दोन एसट्या बदलून आले होते. नाट्यगृह ते प्रथमच बघत होते. बाईंनी त्यांना आपल्या शेजारी, तिसऱ्या रांगेत बसवलं.

त्या दिवशी टेबलावर मी बसणार होतो. पडदा उघडायला पाच मिनिटं असताना दुसऱ्या एका संघाचे गृहस्थ रंगमंचावर डोकावले, आमच्या टेबलाकडे बघून हसले आणि म्हणाले, "हे बाहेर ठेवणार? परीक्षक याचे गुण कापतील बरं का." त्यांना नियम ठाऊक होता की नुसतं बोलले, हे मला आजही माहीत नाही. मी विचारायला गेलो नाही. मी टेबल उचललं आणि विंगेत नेऊन ठेवलं.

माझ्या बाजूच्या विंगेत उभ्या असलेल्या मुलांना मी सांगितलं, "मी आत आहे, आतून सांगतो." सुवर्णा समोरच्या विंगेत होती. तिला सांगायला निघालो तोवर तिसरी घंटा झाली. पडदा वर गेला. मी स्वतःला म्हटलं, सुवर्णा कधी विसरते?

सुवर्णा दुसऱ्या प्रवेशात विसरली. शिकवल्याप्रमाणे ती अजिबात घाबरली नाही. शांतपणे टेबलाच्या जागेकडे वळली आणि म्हणाली, "सांग."

तिथे कुणी नव्हतं.

मी आतून वाक्य सांगितलं. आमच्या मुलांना आतल्या कुजबुजीकडे कान द्यायची सवयच नव्हती, ती टेबलाकडे बघायची. सुवर्णा त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिली. पुन्हा "सांग" म्हणाली. मी पुन्हा सांगितलं. सभागृहातले पंखे, मागे कुणाचं तरी रडणारं बाळ, आणि मग पहिलं हसू. एकाने हसल्यावर बाकीचे हसले. त्यांना कळतच नव्हतं की ही मुलगी भिंतीला काय विचारते आहे. ती तिसऱ्यांदा "सांग" म्हणाली तेव्हा तिचा आवाज पुन्हा पहिल्या दिवसासारखा झाला होता. मी विंगेत दोन पावलांवर उभा होतो. बाहेर यायला मला कुणी अडवलं नव्हतं. तरी माझे पाय हलले नाहीत, कारण त्या घटकेलाही माझ्या डोक्यात गुणच होते.

बाई तिसऱ्या रांगेतून उठल्या. बाजूला पडलेली एक प्लॅस्टिकची खुर्ची त्यांनी उचलली, रंगमंचाच्या पायऱ्या चढल्या, टेबलाच्या जागी ती खुर्ची ठेवली आणि त्यावर बसून, वहीशिवाय, खणखणीत आवाजात ते वाक्य सांगितलं. हसू थांबलं. सुवर्णाने वाक्य म्हटलं. तिने नाटक शेवटपर्यंत नेलं, गालांवरून पाणी वाहत असताना नेलं. बाई शेवटपर्यंत त्या खुर्चीवर बसून होत्या. नंबर अर्थातच आला नाही.

बाहेरच्या आवारात पालक जमले. सुवर्णाचे वडील हात जोडून म्हणाले, "बाई, माझी पोरगी येडी नाय. तुमच्या भरवशावर उभी राहिली ती. एवढं लोक हसलं तिला. ते टेबल कुणी काढलं?"

मी तोंड उघडलं होतं, हे मी शपथेवर सांगू शकतो. पण बाई माझ्या आधी बोलल्या. "मी काढायला लावलं. स्पर्धा होती म्हणून. माझं चुकलं."

मी उघडलेलं तोंड मिटलं.

वडील सुवर्णाला घेऊन निघून गेले. ती जाताना बाईंकडे बघत होती. पुढच्या दोन-तीन महिन्यांत बरीच मुलं येईनाशी झाली. बक्षिसासाठी बाईंनी मुलीला तोंडघशी पाडलं, असं वस्तीत बोललं जाऊ लागलं आणि ते अजून बोललं जातं. मी दुसऱ्याच दिवशी बाईंच्या घरी गेलो होतो. त्या शेंगदाणे निवडत होत्या. मी काही बोलण्याआधीच म्हणाल्या, "रविवारी वेळेवर ये. आणि हे कुणाला सांगत बसू नकोस." मला त्या क्षणी सुटल्यासारखं वाटलं. त्या सुटकेची मला आजही लाज वाटते.

बाईंनी असं का केलं, हे मी बऱ्याच वर्षांनी विचारलं. "लोकांना त्या दिवशी कुणावर तरी रागवायचं होतं," त्या म्हणाल्या. "माझ्यावर रागावले तर मी सोसलं असतं. तुझ्यावर रागावले असते तर तू पुन्हा मुलांसमोर उभा राहिला नसतास. मला तुझी गरज होती रे, संज्या." मी गेली बावीस वर्षं मुलांसमोर उभा आहे तो त्यांच्या त्या एका वाक्यामुळे. माझ्या हातून जी काही मुलं शिकली असतील त्यांची किंमत बाईंनी त्या आवारात, हात जोडलेल्या एका बापासमोर, आधीच मोजून टाकली होती.

तरीही, बाईंचा पूर्ण आदर राखून मी लिहितो की बाई तिथे चुकल्या. मला वाचवताना त्यांनी सुवर्णाचा विचार केला नाही. हे मला तरी कुठे ठाऊक होतं? ते समितीच्या बैठकीनंतर कळलं, जेव्हा मी अखेर पेठला गेलो.

सुवर्णा आता तिकडच्याच एका आरोग्य केंद्रात नर्स आहे. ओपीडी संपल्यावर तिने मला बाकावर बसवलं, चहा मागवला, "दादा, केस पांढरे झाले तुमचे," म्हणाली. मी चहा तसाच ठेवून सगळं सांगितलं. टेबल मी काढलं, बाईंना ठाऊकही नव्हतं, आणि मी गप्प बसलो.

"हसले त्याचं मला काय वाटलं नाय, दादा," ती शेवटी म्हणाली. "म्हणजे वाटलं, पण ते गेलं. माझ्या मनात राहिलं ते येगळंच. विसरलीस तरी भ्यायचं नाय, असं ज्या बाईंनी शिकवलं, त्यांनीच टेबल काढलं. मग त्यांनी शिकवलेलं सगळंच खोटं, असं धरून चालले मी."

मग तिने मला माहीत नसलेल्या दोन गोष्टी सांगितल्या. स्पर्धेनंतरच्या दिवाळीत बाई एकट्या तिच्या पाड्यावर गेल्या होत्या. वडिलांनी पाणी दिलं आणि पोरगी रानात गेली आहे म्हणून सांगितलं. सुवर्णा आतच होती, कुडाच्या फटीतून बघत. बाई तासभर बसल्या, "तिला सांगा, माझं चुकलं," म्हणाल्या आणि परत गेल्या. तेव्हाही त्यांनी माझं नाव घेतलं नाही. आणि एकदा, नर्सिंगला असताना, नाशिकला सीबीएसच्या बसस्टँडवर बाई समोरून आल्या, हाक मारली. सुवर्णाने तोंड फिरवलं आणि चुकीच्या गाडीत चढून बसली.

"बाबा गेले दोन वर्षं झाली," ती म्हणाली. "शेवटपर्यंत बाईंचं नाव निघालं की उठून जायचे." माझ्यावर चिडेल, असं मी धरून चाललो होतो. तिने डोळे पुसले आणि एवढंच म्हटलं, "रविवारी मला सुट्टी हाय. बाई असतात का?"

बाई असतात. त्या रविवारी सुवर्णा समाजमंदिराच्या दारात उभी राहिली तेव्हा बाई मुलांना मुखवट्याला डोळे कापायला शिकवत होत्या. त्यांनी वर बघितलं, कात्री खाली ठेवली आणि ओळखायला त्यांना क्षणही लागला नाही. "सुवर्णा," एवढंच म्हणाल्या. सुवर्णा त्यांच्या पायाशी वाकली ती उठेचना. मी मुलांना घेऊन बाहेर गेलो. अर्ध्या तासाने त्यांना घेऊन आत आलो तेव्हा दोघी खोक्यांवर शेजारी शेजारी बसल्या होत्या आणि बाई विचारत होत्या, "वडील कसे आहेत तुझे?"

सुवर्णाने सांगितलं.

बाई माझ्याकडे वळल्या. इतक्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून "बसा साहेब" पुष्कळदा ऐकलं होतं, पण असा आवाज ऐकला नव्हता. "दोन वर्षं आधी जाता आलं नाही तुला? मी कुणाला सांगू नको म्हटलं, म्हणून तू खरंच सांगितलं नाहीस?" आणि मग, स्वतःशीच बोलल्यासारखं, "मीही कशी? त्या पाड्यावर तासभर बसले आणि खरं एक वाक्य बोलले नाही." मग स्वतःच्या सवयीप्रमाणे, मुलं ऐकत होती तरी, मोठ्याने म्हणाल्या, "माझं चुकलं, सुवर्णा. या वेळी खरंच माझं चुकलं."

तेव्हापासून सुवर्णा महिन्यातून एखाद्या रविवारी येते. दोघी बोलत बसतात. मी जवळ गेलो की विषय बदलतात, तो त्यांचा हक्क आहे. वाचकांपैकी ज्यांनी बावीस वर्षं बाईंबद्दल मनात काही धरून ठेवलं असेल, त्यांनी ते आता माझ्याकडे वळवावं. मी 'पायरी'त दर रविवारी नऊपासून असतो.

बाई, पंचाहत्तरीला शतायुषी व्हा म्हणायची पद्धत आहे. मी तेवढ्यावर भागवणार नाही. सुवर्णाच्या बाबांना खरं सांगायला मी पोचलो नाही, ते गेले. तुमच्या आणि तिच्या बोलण्यातली बावीस वर्षं माझ्या गप्प बसण्यात गेली. ते बोलणं आता कुठे सुरू झालं आहे आणि महिन्यातून एका रविवारच्या हिशेबाने ते पुरं व्हायला फार काळ लागणार आहे. तब्येत सांभाळा, गुडघ्याचं औषध वेळेवर घ्या. तुम्हाला इतक्यात कुठेही जाता येणार नाही.